एका दिवसाचें नाशिक

दिवाळीची सुटी संपून थंडी अंगवळणीं पडूं लागली, कीं शहापूर-मुरबाडकडील घरांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "एका दिवसांत नाशिक करून येऊं." हें वाक्य बहुधा तरुण मंडळींकडून निघतें, आणि माजघरांतून त्यास तितकेंच ठरीव उत्तर मिळतें, "ही का यात्रा म्हणावयाची ? ही तर धांवपळ !" दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, तर कोणाचेंच अगदीं खोटें नाहीं असें दिसतें. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें हाच घरगुती वाद ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठींत 'करणें' हें क्रियापद गांवांना लावण्याची जुनी रीत आहे. काशी केली, रामेश्वर केलें, पंढरी केली, असें आपण म्हणतों. त्या करण्यांत कांहीं विधि होता, कांहीं नेम होता, थोडें सोसणेंही होतें. हल्लीं 'नाशिक केलें' याचा अर्थ यादींतील नांवापुढें खूण केली, एवढाच होऊं पाहत आहे. रामकुंड पाहिलें, काळाराम पाहिला, सीतागुंफेंत वांकून शिरलों व वांकून बाहेर पडलों, त्र्यंबकेश्वराचें धांवतें दर्शन घेतलें, चिवड्याच्या पुड्या बांधून घेतल्या, मोबाईलमध्यें शे-दीडशें छायाचित्रें भरलीं, आणि रात्रीं घरीं आल्यावर कोणीं विचारलें, "काय पाहिलें?" तर उत्तर मिळतें, "गर्दी फार होती !" आमच्या मतें येथें दोष दिवसाचा नाहीं; यादीचा आहे.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांस एका दिवसांत नाशिक होणें शक्यच नव्हतें. बैलगाडीनें शहापूर सोडावें, मजल-दरमजल करीत थळघाटाचा पायथा गांठावा, बैलांस विसांवा देऊन घाट चढावा आणि मग पुढची वाट धरावी, असा तो प्रवास असे. लोखंडी रस्ता आपल्या तालुक्यांत आला तोही टप्प्याटप्प्यानें. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास आली, १८५५ सालीं वासिंदास, १८६० सालीं आसनगांवास आणि १८६१ सालीं कसाऱ्यास. तेथें मात्र सह्याद्रि आडवा आला. कसारा ते इगतपुरी हा लहानसा टप्पा पुरा होण्यास आणखी चार वर्षें लागलीं, आणि १८६५ सालीं गाडी घाट चढून वर गेली. घाटांतील चढ ठिकठिकाणीं दर ३७ फुटांस १ फूट इतका कडक आहे. आजही जड गाड्यांस कसाऱ्याला मागून जास्तीचीं इंजिनें जोडावीं लागतात, आणि तीं इगतपुरीस सुटतात.

या घाटामुळें दिवसांचा प्रवास तासांवर आला. त्याचा लाभ व्यापाऱ्यांस झाला, सरकारास झाला, हें सर्वश्रुतच आहे. पण एकत्र कुटुंबांतील स्त्रियांस झालेला लाभ फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. आठ-पंधरा दिवस घर सोडून यात्रेस जाण्याची सवड घरच्या सुनेस, ती स्वतः सासू झाल्यावर, मिळाली तर मिळे. एका दिवसाची सवड मात्र तिला मागतां येते, आणि बहुतेक घरांत ती मिळतेही. तेव्हां धांवत्या सहलीची थट्टा करण्यापूर्वीं, ती कोणाकोणाच्या वांट्यास आलेली एकुलती एक सहल आहे, हें ध्यानांत घ्यावयास हवें.

आतां दिवसाचा हिशेब पाहूं. मुरबाडास रेल्वे अद्याप पोहोंचलेली नाहीं. तिकडील मंडळींस एस. टी. नें कल्याणास यावें लागतें. आसनगांवास स्टेशन आहे, परंतु घाटावर जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या तेथें थांबत नाहींत. म्हणून पूर्वेस जावयाचें असतां आपण आधीं लोकलनें पश्चिमेस कल्याणापर्यंत जातों, तेथें मोठी गाडी धरतों, आणि तासाभरांत आपल्याच आसनगांवावरून परक्या पाहुण्यासारखे न थांबतां पुढें जातों. कल्याणाहून नाशिक रोड अडीच-तीन तास. पहाटे निघून रात्रीं परतावयाचें म्हटलें, तरी प्रत्यक्ष नाशिकांत सात-आठ तासांपेक्षां अधिक मिळत नाहींत. त्यांतही स्टेशनापासून मूळ शहर दोन-तीन कोसांवर आहे. एवढ्या वेळांत दहा ठिकाणें बसवूं गेलें, तर प्रत्येक ठिकाणीं "चला, चला" हाच मंत्र ऐकावा लागतो.

गेल्या माघांत आमच्या घरीं हा बेत निघाला, तेव्हां प्रथम यादीच झाली, आणि ती कागदाच्या दोन्ही बाजूंस पुरली. आमच्या आत्याबाई पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. त्यांनीं ती ऐकून घेतली आणि म्हटलें, "मला गोदावरींत पाय बुडवूं द्या. बाकीचें तुमचें तुम्ही पाहा." कॉलेजांत जाणाऱ्या नातीचा हट्ट पांडवलेण्यांचा होता. धाकट्या सूनबाईंस विचारलें, तर त्या हंसून म्हणाल्या, "मला पहाटे तीनला उठून वीस माणसांच्या पोळ्या लाटावयाच्या नाहींत, एवढेंच." हें उत्तर ऐकून पुरुषमंडळी थोडी गप्प झाली. सहलीच्या आदल्या दिवशीं स्वयंपाकघरांत किती जागरण होतें, आणि त्या जागरणानंतर गाडींत खिडकीशीं बसलेली स्त्री घाट पाहते कीं डुलक्या घेते, याचा विचार यापूर्वीं आमच्यांत कोणीं बोलून दाखविला नव्हता. शेवटीं असें ठरलें : डबा नाहीं, जेवण नाशिकांत. ठिकाणें मुख्य दोनच, पंचवटी व पांडवलेणीं. त्र्यंबक पुढल्या खेपेस. आणि डब्याचा वांचलेला वेळ वाचनास द्यावयाचा. नातीनें वाचनालयांतून पुस्तक आणलें, आणि दोन रात्रीं जेवणानंतर माजघरांत त्यांतील भाग मोठ्यानें वाचून दाखविला. कल्याणास मुरबाडची आमची बहीण व तिची सून येऊन मिळाल्या, आणि मंडळी निघाली.

खिडकीबाहेरचा देश आपलाच असतो, म्हणून आपण त्याकडे पाहत नाहीं. पण या सहलीचा अर्धा इतिहास खिडकींतच आहे. आसनगांवाजवळ माहुलीचे सुळके दिसतात. निजामशाही तगविण्यासाठीं शहाजीराजांनीं केलेल्या धडपडीचा शेवट १६३६ सालीं याच गडाखालीं झाला. त्याच डोंगराच्या पलीकडे तानसा तलाव आहे. १८९२ पासून त्याचें पाणी मुंबईस जातें. पुढें वैतरणेचें व भातसेचेंही गेलें, आणि ज्या तालुक्यांतून हें सारें पाणी जातें, त्याच्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहिली जाते. कसारा सोडून गाडी बोगद्यांत शिरूं लागली, कीं कोंकण सुटतें. इगतपुरीस हवा बदलते, आणि पाण्याची दिशाही बदलते : घाटाखालीं पडलेला पाऊस भातसा-वैतरणेच्या वाटेनें पश्चिम समुद्रास मिळतो, घाटावर पडलेला दारणेंतून गोदावरींत आणि गोदावरींतून पूर्व समुद्रास. नातीनें हें सांगितलें, तेव्हां आत्याबाई खिडकींतून बाहेर पाहत म्हणाल्या, "म्हणजे गंगा इथपासूनच लागली म्हणावयाची." नाशिककडे गोदावरीस गंगाच म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नकोच.

पंचवटींत आत्याबाईंचा हेतु सिद्धीस गेला. रामकुंडावर त्यांनीं पाय बुडविले, ओंजळभर पाणी डोळ्यांस लावलें, आणि घाटाच्या पायरीवर अर्धा तास नुसत्या बसल्या. कोणीं "चला" म्हटलें नाहीं. यादी लहान असल्याचा हा पहिला लाभ. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची प्रसिद्ध घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, त्या विजयांतील ती घंटा म्हणून सांगतात. आपल्या उत्तर कोंकणांतून निघून घाट चढून गेलेली ती वस्तु आहे. म्हणून ठाणें जिल्ह्याच्या माणसानें तिच्याशीं दोन क्षण थांबावें.

काळारामाच्या देवळाच्या दगडी बांधणीचें कौतुक सर्वच करतात, व तें योग्यही आहे. पण त्या देवळाच्या दाराशींही एक इतिहास घडलेला आहे, आणि तो आमच्यासारख्या घरांनीं मुलांस सांगितलाच पाहिजे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं तो वर्षानुवर्षें नेटानें चालविला. हजारों स्त्री-पुरुष रामाच्या दर्शनासाठीं आले, आणि दारें बंद राहिलीं. त्या काळीं आपल्या घराण्यांतील कित्येक वडील माणसें दाराच्या आंतल्या बाजूस उभीं होतीं, हें विसरून त्या देवळाची सहल पुरी होत नाहीं. आम्ही हें बोलत असतां जवळ उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ थांबले, व "आमचे आजोबा बाहेरच्या बाजूस होते," एवढेंच बोलून आंत दर्शनास गेले. त्यांच्या मागोमाग आम्हीही गेलों. मुलांनीं त्या दिवशीं पाहिलेल्या सर्व गोष्टींत हें वाक्य त्यांच्या अधिक ध्यानांत राहिलें आहे, असें आम्हांस पुढें आढळलें.

दुपारीं जेवून पांडवलेण्यांकडे गेलों. नांव पांडवांचें असलें, तरी लेणीं बौद्ध भिक्षूंचीं आहेत; संख्येनें चोवीस, आणि जुन्या लेखांत त्या डोंगरास त्रिरश्मि म्हटलें आहे. चढ पाहून आत्याबाई पायथ्याशीं झाडाखालीं बसल्या, व त्यांच्याजवळ बहीण राहिली. बाकीचे वर गेलों. येथें आमच्या दोन रात्रींच्या वाचनाचें चीज झालें. एरवीं ओसरीच्या भिंतीवरील तीं अक्षरें म्हणजे दगडावरच्या रेघोट्या, असेंच कोणासही वाटावें.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचे हे लेख म्हणजे एका दात्याची जमाखर्चाची वहीच होय. भिक्षूंसाठीं त्यानें ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले, आणि ते कोठें ठेविले ? गोवर्धन नगरांतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २,०००, दरमहा शेंकडा १ व्याजानें. दुसरीकडे १,०००, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मूळ रक्कम मोडावयाची नाहीं, फक्त व्याज खर्चावयाचें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं मिळावयाचे. आमच्या पुतण्यानें तेथेंच हिशेब केला : दोन हजारांवर शेंकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०, वीस भिक्षु गुणिले बारा, तेही २४०. हिशेब बरोबर जमला ! विणकरांची श्रेणी त्या काळीं पेढीचें काम करीत होती, आणि हा व्यवहार नगराच्या सभेंत जाहीर करून नोंदविला गेला होता, हें वाचून बँकेंत नोकरी करणाऱ्या थोरल्या सूनबाईंस जो आनंद झाला, तो कोणत्याही बाजारांतील खरेदीनें झाला नसता.

त्याच उषवदाताच्या लेखांत आपल्या मुलखाचीं नांवें आहेत. शूर्पारक, म्हणजे सोपारें, येथें त्यानें दानें दिलीं. आणि दमण, डाहाणू वगैरे नद्यांवर लोकांस फुकट उतरून जातां यावें म्हणून नावा ठेविल्या. २०१४ पर्यंत हें सोपारें व हें डाहाणू आपल्या ठाणें जिल्ह्यांतच होतें. आतां तें पालघर जिल्ह्यांत गेलें. नाशिकच्या डोंगरांत कोंकणच्या नद्यांचीं नांवें कां असावींत, याचें उत्तर आम्ही सकाळीं ज्या वाटेनें आलों तीच वाट देते. सोपारें व कल्याण या बंदरांतून निघालेला माल थळघाटानें नाशिककडे चढे, आणि कल्याणाहून मुरबाडवरून नाणेघाटानें जुन्नरकडे चढे. आपले दोन्ही तालुके म्हणजे त्या काळच्या मोठ्या बाजारांचे जिनेच होत.

उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनेंही येथें एक खोली दान दिल्याचा लेख आहे, आणि तो तिच्या स्वतःच्या नांवाचा आहे. पण स्त्रियांच्या लेखांत सर्वांत थोर लेख तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील. तो गौतमी बलश्रीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि याची ही आई. मुलाच्या मागें, नातू पुळुमावि याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं, तिनें हें लेणें भिक्षुसंघास दिलें आणि ओसरीच्या भिंतीवर मुलाचे गुण कोरून ठेविले. त्याच्या वाहनांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें. प्रजेचें सुखदुःख त्यानें आपलें मानलें. धर्मास सोडून कर घेतला नाहीं. अपराधी शत्रूचाही जीव घेणें त्यास रुचलें नाहीं. आईच्या आज्ञेबाहेर तो कधीं गेला नाहीं. क्षहरातांचें कुळ त्यानें निर्मूळ केलें, हेंही तींत आहे. या विजयाची साक्ष १९०६ सालीं जमिनींतून निघाली. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं, आणि त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. असें असूनही, हरलेल्या घराण्याच्या जांवयाचा लेख व त्याच्या मुलीचा लेख त्याच डोंगरांत आजतागायत जागच्या जागीं आहेत.

खालीं आल्यावर नातीनें वहींत उतरून घेतलेला बलश्रीच्या लेखाचा मतितार्थ आत्याबाईंस वाचून दाखविला. त्या ऐकतां ऐकतां मध्येंच म्हणाल्या, "थांब. मुलाचें एवढें सांगितलें. पण लेणें दिलें तें कोणाच्या नांवानें?" नात म्हणाली, "तिच्या स्वतःच्या, आत्याआजी." "मग बरें," असें म्हणून त्या पुढें ऐकूं लागल्या. आत्याबाईंच्या नांवानें आमच्या गांवीं एक विहीरही नाहीं. त्यांच्या दागिन्यांतून जें झालें, तें सारें भावांच्या नांवानें झालें. त्या दोन शब्दांवर घरांत पुढें बरेंच बोलणें झालें, आणि शाळेच्या वाचनालयास द्यावयाची एक देणगी आतां त्यांच्या नांवानें दिली जावयाची आहे, एवढें येथें नमूद करतों.

मुरबाडची सून इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या नाणेघाटांतही एका राणीचाच लेख आहे ना ?" खरेंच आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा तो लेख. त्यांत यज्ञांची व दक्षिणेंत दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापणांची मोजदाद आहे, आणि आपल्या देशांतील अत्यंत जुन्या अंकलेखनाचा तो एक नमुना आहे. वैशाखऱ्याहून जी वाट चढते, तिच्या माथ्यावर तें लेणें. मुरबाडकरांस तें घरच्या परसांत असल्यासारखें. पण वर्षानुवर्षें पाहूं-पाहूं म्हणतां राहून गेलेलें. नाशिकास जाऊन तिला तिच्या परसाची आठवण झाली, हा आमच्या मतें त्या दिवसाचा मोठाच लाभ.

धांवती सहल ही यात्रा कीं धांवपळ, या वादांत आमचें मत आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. एक दिवस पुरतो; परंतु कांहीं अटींवर. पहिली, ठिकाणें दोन, फार तर तीन. आणि त्यांतलें एक घरांतील सर्वांत वडील माणसाच्या मनाचें असावें. दुसरी, निघण्यापूर्वीं दोन-चार रात्रीं सर्वांनीं मिळून त्या गांवाविषयीं वाचावें. लेण्यांत शिरल्यावर वाचूं म्हटल्यास गाडीची वेळ होते. तिसरी, जाण्याचा मार्ग हाही पाहण्याचा भाग समजावा, आणि खिडकीची जागा आळीपाळीनें सर्वांस मिळावी. चौथी व सर्वांत महत्त्वाची, सहलीचें ओझें आदल्या रात्रीं एकट्या स्वयंपाकघरावर पडूं नये. जिनें पहाटेपासून चुलीशीं उभें राहावें, तिनेंच दुपारीं लेण्यांच्या पायथ्याशीं सामान राखीत बसावें, अशी सहल कितीही ठिकाणें पाहून आली, तरी ती घराची सहल झाली नाहीं. अर्ध्या घराची झाली.

कांहीं पाहावयाचें राहून जाईल, ही चुटपुट मात्र बाळगूं नये. हीं लेणीं दोन हजार वर्षें जागेवर आहेत, गोदावरी त्याहून पुरातन आहे, आणि गाड्या रोज सुटतात. उरलेलें नाशिक पुढल्या वर्षीं पाहावें. आणि मध्यंतरीं एखादा रविवार मिळाला, तर मुरबाडवरून नाणेघाट चढावा.